याकोबदादांच्या नंबरचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. स्वभावाने थोडा चिडका, आणि एका जागी स्वस्थ बसणं मला कधी जमलेलं नाही. माझी गोष्ट सांगतो.

नगरच्या एका दुकानात मला याकोबदादांसाठी बनवलं. दादा राहुरीहून रोज एस.टी.ने नागापूरच्या कारखान्यात जात आणि लेथवर काम करत. एकदा लोखंडाचा कण उडून त्यांचा उजवा डोळा अधू झाला. म्हणून माझी उजवी काच जाड आणि डावी पातळ. दिसायला मी बेंगरूळच, पण दादांचं माझ्यावाचून घडीभर चालत नसे. घरी आले की हातपाय धुऊन ते मला डोळ्यांवर चढवत आणि मोठ्याने वाचायला बसत. त्यांची बायको दीनाबाई भाजी निवडत ऐकायच्या. मध्ये कारखाना सहा महिने बंद पडला, थोरला मुलगा तापाने गेला, तरी वाचन थांबलं नाही. घर त्यावरच तगलं, असं मी तरी म्हणेन.

मागच्या उन्हाळ्यात दादा गेले. रोजच्या जगण्याविषयीचं एक जाडजूड पुस्तक अर्ध्यावर राहिलं. दफनविधी आटोपला, पाहुणे पांगले आणि दीनाबाईंनी ठरवलं, उरलेलं आपण वाचायचं. त्यांनी मला डोळ्यांवर घातलं आणि माझं धाबं दणाणलं. माझा नंबर त्यांचा नव्हताच.

अक्षरं हलायला लागली. त्यांनी पान लांब धरलं, जवळ धरलं. डोकं ठणकू लागलं. त्यांची मुलगी क्रिस्टीना फोनवर म्हणाली, "आई, डोळे तपासून नवा चष्मा कर."

"ह्यांचा हाय की घरात. ह्यांच्याच चष्म्यानं वाचीन मी."

माझी नुसती तगमग व्हायची. मी मुद्दाम नाकावरून घसरायचो. त्या मला बोटाने परत वर ढकलायच्या. शेवटी दोष त्यांनी स्वतःलाच दिला. सातवी शिकलेली बाई आपण, दुःखाने होतं तेवढं वाचनही गेलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. पुस्तक फडक्यात गुंडाळून पेटीत गेलं. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या दिवा न लावताच बसून राहू लागल्या. ते मला बघवत नव्हतं.

मग चर्चमधल्या बायकांच्या मंडळात वाचायची त्यांची पाळी आली. त्यांनी तेच पुस्तक नेलं. उभ्या राहिल्या, तीन शब्द अडखळत वाचले आणि खाली बसल्या.

"मला वाचता येत न्हाई आता. ह्यांच्यासंगं गेलं ते."

शेजारी बसलेल्या रूथबाईंनी न विचारता मला काढून घेतलं आणि स्वतःचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. "माझा घालून बघा, ताई."

दीनाबाई वाचू लागल्या. "दुःख घरात आलं, तरी आधी चूल पेटवावी. पोटात चार घास असले की रडायलाही बळ येतं." त्या थांबल्याच नाहीत. दोन पानं झाली. मग पुस्तक मिटून त्यांनी रूथबाईंच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजी माझं वाचन गेलं न्हवतं?"

"न्हाई ओ. तुमचा नंबर येगळा हाय, येवढंच."

दफनाच्या दिवशीही न रडलेल्या दीनाबाई तिथे पोटभर रडल्या.

आता त्यांना त्यांच्या नंबरचा चष्मा आहे. त्या रोज वाचतात, पुस्तक संपत आलं आहे. मी डबीत आहे. खरं सांगू? त्यांनी मला पुन्हा घालावं असं मला अजून वाटतं. त्यांचं डोकं दुखेल हे ठाऊक असूनही वाटतं.

म्हणून मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा, अधूनमधून पुसा. पण तिच्यापायी तुम्हाला पुढचं दिसेनासं झालं, तर तिला काढून ठेवा. वस्तूला वाईट वाटेल. वाटू द्या.