बाह्या आखूड केलेला कोट

मला नसत्या चौकशा करायची सवय आहे. नवरा म्हणतो, "डार्लीन, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही." नाही गेली तेच बरं झालं.

आमच्या गावचं अग्निशमन पथक स्वयंसेवकांचं, म्हणजे पुरुषांचं. आम्ही बायका मागच्या स्वयंपाकघरात, कोंबडी-मक्याचं सूप ढवळत. १९७४च्या एप्रिलात भर दुपारी लँडिसांचा गोठा पेटला. पुरुष बारा मैलांवर दगडखाणीत. बंब दारात, किल्ली खुंटीला आणि मी कॉफीची किटली घेऊन उभी! अकरा गाई गेल्या. अजून आठवलं की लाज वाटते. दुसऱ्याच दिवशी मी पथकात यायचा अर्ज टाकला.

मतदान गोट्यांनी होतं. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नको. पेटीत नऊ पांढऱ्या निघाल्या आणि नऊ काळ्या. अशा वेळी पुढच्या महिन्यात एकदाच फेरमतदान, तेव्हाही बरोबरी झाली तर अर्ज कायमचा बाद.

"कशाला हवंय तुला?" पीठ मळता मळता वर्डाबाई म्हणाल्या. स्वयंपाकघरात त्यांचा शब्द चालतो, आणि पथकात त्यांच्या नवऱ्याचा, विल्मर स्टॉफरचा. "इथंच बरी आहेस."

मला राग आला. रागाच्या भरात मी पथकाच्या इमारतीचा माळा झाडायला घेतला, तर खोक्यात एक जुना रबरी कोट. बाह्या चार बोटं आत दुमडून शिवलेल्या, टाके बारीक. कुणा बुटक्याचा असेल म्हणावं, तर कमरेतही घेतलेला! आत नंबर सात. मग मला कुठली चैन? सदस्यांची जुनी वही काढली. १९४३, पुरुष लढाईवर गेलेले. क्रमांक सात, वर्डा स्टॉफर. मेलेल्यांच्या, गाव सोडलेल्यांच्या नावांवर रेघा होत्या. सातव्या नावावर रेघ मारायला कुणाला सुचलंच नव्हतं.

कोट बघून वर्डाबाईंनी हात पुसले. टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"तीन वर्षं बंब चालवला मी. पुरुष परत आले. विल्मर म्हणाला, 'आभारी आहोत, आता कोट काढून ठेवा.' आम्ही बायकांनी ठेवले."

"मग मला का अडवता?"

"तुलाही एक दिवस काढायला लावतील, पोरी. ते सोसत नाही."

"तुमचं नाव अजून वहीत आहे."

त्या पुन्हा पीठ मळायला लागल्या.

फेरमतदानाला मी भिंतीशी उभी होते. गोट्या टाकून झाल्या. पेटी उघडण्याआधी विल्मरने रिवाजाप्रमाणे विचारलं, "मत द्यायचं राहिलंय कुणी?" कधीच कुणी राहिलेलं नसतं.

"मी," वर्डाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

सगळे हसले. विल्मर म्हणाला, "अगं, सूप उतू जाईल तुझं!"

"गॅस बंद करून आलेय. वही उघड, विल्मर. नंबर सात."

त्याने बराच वेळ पानं उलटली. कान लाल झाले. "आहे," तो म्हणाला.

वर्डाबाईंचा पिठाचा हात पेटीत गेला. आत काय पडलं, कोण जाणे. ते सोसत नाही, हे त्यांचं बोलणं माझ्या मनातून जाईना.

विल्मरने मोजलं. काळ्या नऊ. पांढऱ्या दहा.

मला रडूच आलं. धावत जाऊन मी तो कोट आणला. वाटलं, आता त्या तो माझ्या अंगावर चढवणार. त्यांनी तो हातातून घेतला, सगळ्यांसमोर स्वतःच चढवला. पोटावर बटणं लागेनात.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या. "तुझा तू शिव."