नदीचा तिसरा तास

"पंधरा घरं आहेत, यांत पोरांचा वेळ राहायला येणार. रेषा जपून ओढ गं." मला घडवणारा सुतार आपल्या लेकीला असं सांगत होता. तो आवाज अजून माझ्या लाकडात आहे.

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. मोगामी नदीकाठच्या एका लहान कॉलेजच्या ऑफिसात टांगलेला. दर फेब्रुवारीत, बाहेर बर्फ साचलेलं असताना, पुढच्या वर्षाचे तास माझ्यावर मांडतात. एका विषयाला सत्रात पंधरा तास, आठवड्याला एक. पूर्वीची माणसं एकेका घरापाशी विचार करत उभी राहत आणि जाताना ओल्या फडक्याने माझी चौकट पुसत.

आता कुरामोची सर येतात. मोठे विद्वान म्हणे! पहिल्या घरात 'ओळख', शेवटच्या घरात 'सारांश', मधल्या तेरांत जुन्या कागदावरचंच. सर चहाचे घोट घेत वाचतात, ऑफिसातल्या तोगाशीबाई लिहितात. घाण्याचा बैल बरा, फिरून फिरून निदान तेल तरी काढतो.

त्या सगळ्यांत जिवंत तास एकच, बाईंनी सुचवलेला तिसरा. शहाऐंशी वर्षांचे नावाडी कान्झोआजोबा मुलांना नावेत बसवून वल्ह्याची गाणी ऐकवणार होते. ती गाणी आता दुसऱ्या कुणाला येत नाहीत.

सोमवारी सुट्टी आली की आमच्याकडे एखाद्या बुधवारी सोमवारचे तास घेतात. हे शिपायालाही ठाऊक असतं, सरांना नाही. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी नदीचा तास नेमका सुट्टीच्या सोमवारी ठेवला. बाईंनी हळूच शंका काढली, तर सांगतो तेवढं लिहा, असं उत्तर मिळालं. मुलं घरी राहिली. आजोबा नाव धुऊन, सर्वांसाठी भाताचे गोळे बांधून, अंधार पडेपर्यंत काठावर बसले. पुढे बैठकीत सरांनी खुशाल सांगितलं की तारीख बाईंनी चुकवली. बाई कमरेत वाकून माफी मागत राहिल्या. मला सगळं ठाऊक होतं, पण फळ्याला कोण विचारतो?

या फेब्रुवारीत सरांनी पुन्हा तोच कागद काढला. तिसरा तास, नदी, ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, तोच सुट्टीचा. खडू माझ्यावर टेकला आणि तिथेच थांबला.

"लिहा की, बाई. म्हातारा बसेल वाट बघत. त्याला दुसरं काम काय?"

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण एखादं घर भरण्याआधी, तिथे कोण वाट पाहत बसणार आहे, एवढं बघत जा.

बाईंनी त्या घरात 'बुधवार' लिहिलं. मग त्या वळल्या, आणि या वेळी वाकल्या नाहीत.

"सर, गेल्या वर्षीची चूक माझी नव्हती, तुमची होती. मुलं का आली नाहीत, हे आजोबांना मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आज जाऊन सांगते."