मला मागताना कारण सांगा

मी काढ्याचं मडकं. काळं, ठेंगणं, कडेचा टवका उडालेलं. माझ्या रूपावर जाऊ नका. चीनमधल्या आमच्या पिंगलियांगच्या गल्लीतला निम्मा खोकला मी पळवून लावलाय.

माझी एक रीत आहे. मला मागून न्यायचं, पण परत आणून द्यायचं नाही. परत आणलं तर मागोमाग आजारही येतो म्हणे. ज्याला गरज पडेल त्याने येऊन न्यावं. आणि देणाऱ्याने ‘कशाला हवंय’ असं विचारायचं नाही. म्हणून गल्लीतल्याच छ्याव मावशीकडून मी माईस्वेईच्या आजीकडे आलो, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही.

माईस्वेई दहा वर्षांची. आईबाप दक्षिणेत कारखान्यात, पोर आजीजवळ. तिच्या अंगात रक्तच तयार होईना, तेव्हा डॉक्टरांनी पुरुषी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. तीन वर्षं घेतल्या. रक्त वाढलं, गाल भरले. सोबत आवाज घोगरा झाला, ओठावर लव आली. आजी लाडाने तिला ‘आमचे सेनापती’ म्हणायची. गोळ्या यकृताला बाधतात, दर तीन महिन्यांनी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पोर उड्या मारतेय म्हटल्यावर शहराची बस कोण पकडतंय? वर्षभर तपासणी राहिली.

मग तिचं जेवण सुटलं. अंग खाजायला लागलं, डोळे पिवळट दिसू लागले. “गोळी उष्ण पडली,” आजी म्हणाली, आणि थंडाव्यासाठी शेवंतीची फुलं घालून तिने मला चुलीवर चढवलं. मीही इमानेइतबारे उकळलो. पोर तोंड वाकडं करून तो कडू घोट घ्यायची, तेव्हा मला वाटायचं, आपण हिचं भलं करतोय. त्याची लाज अजून वाटते.

चोथा आजी गल्लीच्या तोंडाशी टाकायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली आजार तुडवला जावा म्हणून. सात सकाळी छ्याव मावशीने तो ओलांडला. आठव्या सकाळी ती दारात उभी.

“मडकं न्यायला आलीस?” आजीने विचारलं.

“मडकं घाल चुलीत! पोर कुठाय? ये गं, उजेडात ये.” मावशीने तिची पापणी खाली ओढली. “अगं बाई, पिकल्या जर्दाळूसारखे झालेत डोळे!”

“उष्णता आहे गं. उतरेल.”

“आठ दिवस उतरतेच आहे ना? ऊठ, बस गाठ आधी!”

डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. यकृत सुजलं होतं. आणखी महिना गेला असता तर सगळं हाताबाहेर गेलं असतं. “तपासणी का राहिली?” म्हटल्यावर आजी ढसाढसा रडली, आणि तिची समजूत घालायला माईस्वेईच पुढे झाली, असं मावशी सांगते.

आता डोळे निवळलेत. आवाज मात्र घोगराच राहिलाय. रक्तासाठी दुसरा उपाय चाललाय आणि तपासणी चुकत नाही. माझ्यात कांद्याची पात लावलीय. रोज सकाळी माईस्वेई पाणी घालते, काहीबाही गुणगुणते. फार जीव आहे माझा तिच्यावर.

परवा पलीकडच्या घरचे काका मला मागायला आले. रीतीप्रमाणे आजी मुकाट्याने पात उपटायला लागली. तोच मागून तो घोगरा आवाज आला, “काका, कुणाला काय होतंय? डोळे बघितलेत का?”

आजी चमकली. असं विचारायचं नसतं. पण तिने पोरीला गप्प केलं नाही, उलट पात उपटायची थांबली.

रीत मोडली तर मोडू दे. मला खुशाल न्या, पण आधी पोरीला उत्तर द्या.