साडेदहाची खोली

"आटप गं बाई, साडेदहा झाले!" मी दारावर थाप मारली, तेव्हा आत शिंपीणबाईंचं अजून "बरं, ठेवते हं, ठेवते" चाललेलं. ही बया एकदा 'ठेवते' म्हणाली की पुढची दहा मिनिटं फोन ठेवत नाही.

ती इथल्या कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसते, म्हणून शिंपीण. मी म्हाताऱ्यांच्या इस्पितळात नर्स, म्हणून सगळ्यांची सिस्टर. तिसरी बँकवाली. परदेशातल्या या फ्लॅटमधली एकुलती एक धड खोली तिची. खिडकी, पडदे, टेबल, सगळं तिथंच. आम्ही दोघी हॉलमध्ये. मध्ये कपाट आडवं टाकलंय, अलीकडे शिंपीण, पलीकडे मी. सुट्टीच्या सकाळी बँकवाली तळघरात कपडे धुवायला जाते, तेवढा तास ती आम्हाला खोली वापरू देते. अर्धा तास शिंपिणीचा, अर्धा माझा. घरी व्हिडिओ कॉल करायला. शिंपिणीच्या माणसांना वाटतं खोली तिची, माझ्या माणसांना वाटतं माझी.

हे नाटक वाटतं तेवढं सोपं नाही. तिची निळी चादर ओढून काढायची, माझी फुलाफुलांची घालायची. तिच्या घरच्यांचा फोटो उचलायचा, माझा मांडायचा. नशीब, मला हाताला काम लागतंच. आठ महिन्यांत या घरात मी पाच मिनिटं एका जागी टेकले असेन तर शपथ! ड्यूटीवर बरं वाटतं. इथं मात्र बसले की वाटतं, कुणी तरी येऊन उठवणार.

त्यात आज जीव थाऱ्यावर नव्हता. लेक यंदा नर्सिंग पास झाली आणि महिनाभर तिचा एकच धोशा, मला तिकडे बोलव. मी आपली आज सांगते, उद्या सांगते करत होते.

फोन लागला. लेकीने प्रस्तावनाच केली नाही.

"आई, मी अर्ज भरायला घेतलाय. राहायची सोय काय, म्हणून विचारलंय त्यात. लिहू ना, आईच्या खोलीत?"

"अगं, थांब की जरा. घाई काय आहे एवढी?"

"दर वेळी थांब! तुला मी तिथं नकोय का? नको असेन तर तसं सरळ सांग."

नकोय! इस्पितळात तिच्या वयाची कुणी ट्रे घेऊन आली तरी माझी मान तिकडे वळते, आणि ही म्हणे नकोय.

"काहीतरीच काय बोलतेस? मी फक्त म्हणत होते..."

"आई, तो टेबलावरचा फोटो कुणाचा?"

मी वळून पाहिलं. शिंपिणीचा मिशीवाला नवरा आणि दोन पोरं माझ्याकडे बघून हसत होती. लेकीला काय सांगायचं या घोळात मी चादर तेवढी बदलली होती, फोटो तसाच राहिला होता.

"मैत्रिणीचा आहे गं."

"तुझ्या खोलीत तुझ्या मैत्रिणीचा नवरा?"

एरवी मी काहीतरी थाप मारली असती. मला काय, सवयच झालीय. पण ते 'नकोय' कानातून जाईना. उठले आणि फोन हातात धरून तशीच हॉलमध्ये आले. शिंपीण केस विंचरत होती. ती बिचारी तोंडावर टॉवेल घेऊन भिंतीकडे वळली.

"हे कपाट," मी म्हणाले. "ही माझी खाट. खाली दिसतेय ती बॅग, त्यात माझा सगळा संसार. पाय पसरले की दाराला लागतात. इथं तुला कुठं निजवू, तूच सांग. ती खोली माझी नाही. म्हणून थांब म्हणत होते. तू नकोयस म्हणून नाही गं बाळा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वाटलं, आता रडेल, नाहीतर चांगली फैलावर घेईल.

"आई, खाट भिंतीपासून थोडी पुढं ओढ," ती म्हणाली. "पाठीला गार लागत असेल."

तेवढ्यात तिच्या मागून ह्यांचा आवाज आला. कमरेच्या दुखण्याने दोन वर्षं घरी बसलेत. मी इथं सुखात आहे, एवढ्याच एका गोष्टीवर त्यांचं मन टिकून आहे.

"काय म्हणते आई? घेते ना तुला खोलीत?"

लेकीने फोन छातीशी धरला असावा. मला नुसता अंधार दिसत होता, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"घेते म्हणतेय की. खोली चांगली ऐसपैस आहे बाबा, उजेडही भरपूर. पण मीच नाही जात. मला नाही करमायचं तिकडे."

आवाज जरासुद्धा हलला नाही पोरीचा. माझ्याहून सफाईदार.

"अगं, महिनाभर डोकं खाल्लंस आमचं! आणि आता नाही करमायचं? सगळी धरसोड! आई तिथं एकटी राबतेय, तिला सोबत झाली असती, एवढंही कळू नये? स्वतःपलीकडे काही दिसतच नाही तुला. आण तो फोन इकडे!"

मी धावत खोलीत शिरले आणि पडद्याकडे पाठ करून बसले. ह्यांचा चेहरा आला, रागाने लाल झालेला. मागे लेक मान खाली घालून उभी होती.

"ऐकलंस? तूच लाडावून ठेवलंयस हिला."

"हो," मी म्हणाले. "मीच."