रुखमाबाईचं कॅल्शियम

सिंदेवाहीच्या रुखमाबाईंना गुडघे सोडले तर काहीच दुखणं नव्हतं. पण आरमोरीचा त्यांचा धाकटा भाऊ बांधावर उभ्या उभ्या कोसळला, आणि वडीलही तसेच गेले होते. तेव्हापासून त्यांची मुलगी हर्षा मागेच लागली. ती चंद्रपूरला शिक्षिका. "आई, एकदा हृदयाची तपासणी करून घे. बाबाची पण करू."

बाबा म्हणजे खुशालभाऊ. पोट सुटलेलं, गालात कायम तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा.

चंद्रपूरच्या दवाखान्यात रुखमाबाईंना मशीनच्या मोठ्या कड्यात झोपवलं. सुई नाही, औषध नाही. "श्वास रोखा," असा आवाज आला, फळी थोडी सरकली आणि मशीन चालवणाऱ्या मुलीनं त्यांना उठायला सांगितलं.

"झालं? काईच तं केलं नाई!"

"झालं, बाई. थोडासाच एक्स-रे लागतो याला."

मग खुशालभाऊंचीही तशीच तपासणी झाली. दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत किती कॅल्शियम आहे, त्याचा खुशालभाऊंचा आकडा शून्य होता. रुखमाबाईंचा तीनशेच्या वर.

"नावं बदलली असतीन, मॅडम," खुशालभाऊ म्हणाले. "चुना मी खाऊन राह्यलो, अन् कॅल्शियम इच्या छातीत?"

डॉक्टरीणबाईंनी नावं पुन्हा ताडून पाहिली. बरोबर होती. पडद्यावर काळ्या-राखाडी चित्रात पांढरे ठिपके दिसत होते.

"मी गुडघ्यासाठी गोळ्या खाल्ल्या, त्याच गेल्या काय तिथी?" रुखमाबाईंनी विचारलं.

"तसं नाही, बाई. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचते. वर्षानुवर्षं राहिली की तिथं कॅल्शियम धरतं. घराण्यात असेल तर सडपातळ माणसालाही होतं."

"मंग मले अटॅक येनार?"

"ते या तपासणीतून कळत नाही. धोका जास्त आहे, एवढं कळतं. म्हणून रोज एक गोळी घ्यायची, आणि चालणं सोडायचं नाही."

"म्हंजे मी बिमार आहो का नाई?"

"आज तुम्ही बऱ्या आहात. तशाच राहाव्यात म्हणून गोळी." मग डॉक्टरीणबाई खुशालभाऊंकडे वळल्या. "आणि शून्य म्हणजे सूट नाही. कॅल्शियम न धरलेली मऊ चरबी यात दिसत नाही. तंबाखू सोडा."

"हिले काई दुखत नाई तं बिमार," खुशालभाऊ परतीच्या बसमध्ये म्हणाले, "मले शून्य, तरी मलेच शिव्या!"

घरी हर्षाचे फोन सुरू झाले. हंडा उचलू नको, जिना चढू नको. एरवी वजन उचलणाऱ्या रुखमाबाई पदर सावरतानाही छातीवर हात ठेवून थांबू लागल्या. तिथं नेहमीची धडधड होती, पण ती नेहमीचीच आहे का, हे त्यांना सांगता येईना. शेवटी त्यांनी स्वतःच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मोहफुलं वेचाले जाऊ का?"

"जा की. छातीत दुखलं, दम लागला तर मात्र लगेच कळवा."

वाघाच्या भीतीनं बाया उजाडल्यावरच निघत. वेचता वेचता शेजारच्या भागीरथाबाईंनी विचारलं, "दवाखान्यात काय निंगालं, बाई?"

"शिरेत कॅल्शियम निंगालं."

"मंग तं चांगलं झालं! आपल्या बायाइले ते कमीच रायते."

रुखमाबाईंनी समजावायला तोंड उघडलं, पण सुरुवात कुठून करावी कळेना. "हो," म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे गेल्या. भरलेली टोपली न्यायला आलेल्या खुशालभाऊंनी डोक्यावर घेतली. तेच अर्ध्या वाटेत धापा टाकत बसले. रुखमाबाई घाबरून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याचा खर्रा फेकून दिला. त्यावरून भांडण झालं. आता ते चोरून, पण कमी खातात.

पावसाळा गेला, धान कापून झालं. रुखमाबाईंना काही झालं नाही. तपासायला गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाई खूश होत्या. कोलेस्टेरॉल उतरलं होतं.

"गोळीनं वाचली मी, का होनारच नव्हतं काई?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही, बाई."

रुखमाबाईंनी मान हलवली. कळलं म्हणून नव्हे, डॉक्टरीणबाई भल्या होत्या म्हणून. गोळी त्या अजून घेतात.