पुढच्या चाकांची कुलपं

मी एक जुना पिकअप ट्रक आहे, मित्रांनो, चारही चाकांनी चढण चढणारा, आणि मला डिझेल फार लागायचं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझा विषय निघाला की लोकांचं पहिलं वाक्य तेच असतं. तब्येत कोणी विचारत नाही. "लिटरला किती देते गाडी?" एवढंच विचारतात.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्ही शेकडो जण एका रांगेत उभे होतो, सगळे एकाच रंगाचे. गर्दी म्हणावी अशी मी तेवढीच पाहिली. मग मला डोंगराजवळच्या एका घरी आणलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं. तेव्हापासून मी एकटाच आहे. शेजारी एक शिडी असते, पण तिचा स्वभाव अबोल.

ते घर होतं टपाल वाहणाऱ्या बाबांचं. खालच्या कचेरीतून पोती उचलायची आणि डोंगरावरच्या वस्त्यांवर पत्रं, औषधं, पार्सलं पोचवायची, हे आमचं काम. चढ संपला की बाबा उतरून माझ्या बॉनेटवर दोन थापा मारत. तेवढ्यावर मी पुढचा चढ चढत असे.

आता एक गोष्ट नीट ऐका. माझ्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध हाताने फिरवायची एकेक चकती आहे. गॅरेजवाले तिला हब म्हणतात, आमच्या घरी कुलूप म्हणतात. कुलूप लावलं की पुढची चाकंही जोर लावू शकतात. चिखलात ते लागतंच. पण कोरड्या रस्त्यावर ते सोडून ठेवावं, नाहीतर पोटाखालचे दांडे आणि दातेरी चाकं उगाच फिरत राहतात आणि डिझेल खातात. लावायला असो की सोडायला, खाली उतरावं लागतं.

एकदा भर पावसात शेवटच्या चढावर मी घसरू लागलो. कुलपं लावायला बाबा चिखलात उतरले आणि तेवढ्यात मी मागे सरकलो. आत सीटवर त्यांची सात वर्षांची लेक होती. दरीच्या अलीकडे एका दगडाला टेकलो, म्हणून हे सांगायला उरलो. त्या दिवसानंतर बाबांनी कुलपं कधी सोडलीच नाहीत. डिझेल जास्त जाई, पण तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं.

वर्षं गेली. बाबांची नजर मंदावली आणि माझं स्टिअरिंग लेकीच्या हाती आलं. वस्त्यांवर तिला सगळे ताई म्हणतात. ती चांगली चालवते, फक्त बॉनेटवर थापा मारत नाही. कामाची माणसं घाईत असतात, त्याचं मी मनावर घेत नाही. थोडंसं घेतो.

मग कचेरीत नवे साहेब आले. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ताई, ही लिटरला साडेसात देते. एवढ्यात तर हत्ती पोसला असता."

"हत्ती पत्रं वाटत नाही, साहेब."

"महिनाभरात दहा झाले तर ठीक. नाहीतर ही भंगारात, आणि वरच्या तीन वस्त्यांची फेरी बंद. तिथे दुसरी गाडी चढत नाही."

भंगार हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःबद्दल ऐकला.

ताईने मला गॅरेजमध्ये नेलं. तिथल्या कारागिराला सगळे फुंकरमास्तर म्हणतात, कारण कुठलाही भाग हातात आला की तो आधी त्यावर फुंकर मारतो. त्याने माझा हवेचा फिल्टर बाहेर काढला. त्यातून एवढी माती पडली की ताई म्हणाली, "यात कोथिंबीर लावता येईल."

"लावा की. आणि ही कुलपं लागलेली होती बघा. दोन्ही सोडली मी."

मागचा एक ब्रेक घासत होता, तो त्याने मोकळा केला. चाकांत पुरेशी हवा भरली. मग ताईने टपावरचा कॅरियर उतरवला. मागची वाळूची पोती, ओढायची साखळी, दोन जॅकपैकी एक, सगळं काढलं. बाबांनी अडीअडचणीसाठी साठवलेलं सामान होतं ते. मी हलका झालो, मित्रांनो, पण खडखडायलासुद्धा सोबतीला कोणी उरलं नाही.

ताई चालवायलाही नव्याने शिकली. हळूहळू वेग धरायचा, वरचा गियर वेळेवर टाकायचा, पत्रं वाटताना इंजिन बंद ठेवायचं. टाकी काठोकाठ भरून ती दर आठवड्याला हिशेब बघे. साडेसातचे साडेआठ झाले, मग नऊ. आणि नवावर गाडं अडलं.

"आता काय राहिलं?" तिने फुंकरमास्तरांना विचारलं.

"आता तुम्हीच जेवण कमी करा, ताई."

कारण फक्त मला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आधी बाबा भिंत धरत शेडमध्ये येत. चारही चाकांवरून हात फिरवत, बॉनेटवर दोन थापा मारत आणि चाचपून दोन्ही कुलपं लावून जात. लेक सकाळी चढ चढणार, ती सुखरूप यावी म्हणून. दिवसातून तेवढाच वेळ मला कोणी मायेने हात लावत असे. सांगणार कसा? मला तोंड नाही, भोंगा आहे. तोही दुसऱ्याने दाबला तर वाजतो. आणि खरं सांगू का, सांगता आलं असतं तरी माझी जीभ अडखळली असती.

महिना संपायला आठ दिवस उरले होते. ताई विसरलेला डबा घ्यायला शेडमध्ये आली, तर बाबा पुढच्या चाकाशी वाकलेले.

"बाबा, काय करताय?"

"कुठे काय. हवा बघतोय."

"हाताने?"

"मग काय पायाने बघू?"

चकती कट्ट करून फिरली. ताईने ती पाहिली. पावसात मी घसरलो त्या दिवशी सीटवर बसलेली तीच होती ना. मग ती म्हणाली, "झाली बघून? चला, चहा गार होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे पायरीवर कान देऊन बसले होते. ताईने मला त्यांच्या समोरून कुलपांसकट बाहेर काढलं. घर दिसेनासं होतं त्या वळणावर ती थांबली, इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि दोन्ही कुलपं सोडली. मग रोज तसंच चाललं. पाऊस असला की चढाच्या अलीकडे, सपाटीवर उभं करून ती स्वतः लावी.

महिनाअखेरीला लिटरला दहा भरले, वर थोडं उरलंही. साहेबांनी दोनदा मोजलं आणि फेरी कायम ठेवली.

"दहा झाले, बाबा," घरी येऊन ताई म्हणाली.

"होणारच. रोज हात फिरवतो मी तिच्यावरून."

"म्हणूनच तर."

असं दोन वर्षं चाललं. बाबा संध्याकाळी लावत, ताई सकाळी सोडी. मग एका हिवाळ्यात बाबा शेडमध्ये यायचे थांबले. काही दिवस घरात माणसांची ये-जा होती, मग तीही थांबली. आता कुलपं सुटलेलीच असतात. मला लिटरला साडेदहा पडतात. साहेब खूश आहेत. संध्याकाळी शेडमध्ये मी असतो आणि शिडी असते.

ताई अजूनही त्या वळणावर थांबते. इंजिन बंद करते, उतरते, चकतीवर हात ठेवते. कधी कधी कट्ट करून लावते आणि परत सोडते. मग जाता जाता बॉनेटवर दोन थापा मारते.

मित्रांनो, घरी जुनी गाडी असेल तर चाकांतली हवा बघत जा, फिल्टर झटकत जा, नको ते ओझं उतरवा. पण तुमच्या काळजीने कोणी न सांगता काही घट्ट करून ठेवत असेल, तर त्याच्या देखत सोडू नका. वळणापर्यंत तसेच जा. एवढ्याशा अंतराला डिझेल फारसं लागत नाही.