बाकावर बोललेलं

मी एक जुना लाकडी बाक आहे, मित्रांनो. एका इस्त्रीच्या दुकानाच्या दारात मी नऊ वर्षं होतो. त्याआधी मी गावच्या फुटबॉलच्या मैदानावर, जुन्या गॅलरीत पहिल्या रांगेची फळी होतो. गोल झाला की माणसं माझ्यावर उभी राहून नाचत. मी कधी कुरकुरलोसुद्धा नाही. तरी नगराध्यक्ष म्हणाले, ही गॅलरी धोक्याची आहे, नवी पक्की बांधू. आम्हा सगळ्या फळ्यांना भंगारात काढलं.

इस्त्रीवाल्याने मला उचलून आणलं, खाली चार पाय ठोकले आणि बायकोला म्हणाला, "घे, तुझी पहिली रांग."

ती संघासाठी वेडी होती. खेळाडूंचे सदरे या दुकानातच इस्त्री होत. दर रविवारी ती ते स्वतः मैदानावर पोचवायची आणि अर्धा सामना बघूनच परत यायची. गोलकीपरच्या सदऱ्याची घडी ती जरा जास्तच कडक घालायची. म्हणायची, "निदान सदरा तरी ताठ उभा राहू दे मेल्याचा."

दुपार कलली की माझ्यावर माणसं जमत. एक निवृत्त कारकून होता. तो कशावरही निकाल द्यायचा म्हणून त्याला सगळे पंच म्हणत. एक गवंडी होता. बाकीचे येऊन जाऊन असत. नगराध्यक्षांनी किती खाल्लं, कुठल्या चोराला किती वर्षं आत टाकायला हवं आणि आपला संघ का हरतो, या तीन विषयांत संध्याकाळ व्हायची. आवाज फार चढला की इस्त्रीवाल्याची बायको कपड्यांवर शिंपडायचा तांब्या घेऊन बाहेर यायची आणि त्यांच्या पायांवर पाणी उडवायची.

"चला, सभा बरखास्त. घरी बायका वाट बघत असतील. का बघतात, देव जाणे."

मग सगळे हसत, पाय झटकत उठायचे.

नव्या गॅलरीच्या कामावर हा गवंडीच होता. एके दिवशी माझ्यावर मांडी घालून तो म्हणाला, "सिमेंट आम्ही नुसतं वासापुरतं टाकतो. बाकी सगळी वाळू. ठेकेदार म्हणतो, अध्यक्षसाहेबांचा बंगलापण उभा राहायला हवा ना."

पंच म्हणाला, "म्हणजे आपल्या बचावफळीसारखीच गॅलरी की!"

सगळे खो खो हसले. आत इस्त्री फिरवता फिरवता इस्त्रीवालाही हसला. तीही हसली.

गॅलरी दोन वर्षं उभी राहिली. मग एका रविवारी आमच्या संघाने गोल केला, लोक उठून नाचले आणि ती खाली आली. चार माणसं गेली. त्यातली एक ती होती. सदरे पोचवून पहिल्या रांगेत बसली होती.

खटला सहा वर्षं चालला. इस्त्रीवाल्याला एकच गोष्ट हवी होती. वाळूचं काम कोणी करायला लावलं, हे कोणीतरी कोर्टात सांगावं. त्याने गवंड्याला माझ्यावर बसवून विनवलं, "दादा, इथे बोललास तेवढंच तिथे बोल. एक शब्दही जास्त नको."

"बोलेन की रे. वहिनींच्या हातचा चहा प्यायलोय मी."

साक्षीच्या दिवशी इस्त्रीवाला कोर्टातून येऊन माझ्यावर बसला. एरवी तो कधी बसत नसे. मागोमाग पंच आला. तो दुसरा साक्षीदार होता.

इस्त्रीवाला म्हणाला, "गवंडी म्हणाला, आठवत नाही. आणि तू म्हणालास, असं काही कानावर आलंच नाही."

"अरे, मी मुलाबाळांचा माणूस. त्यांच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल?"

इस्त्रीवाल्याने माझ्या फळीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मीसुद्धा हसलो होतो रे. हसलो, आणि तिला सदरे घेऊन पाठवत राहिलो."

मला सगळं शब्दन् शब्द आठवत होतं, मित्रांनो. पण लाकडाची साक्ष कोण काढणार?

निकाल लागला. अध्यक्ष पुराव्याअभावी सुटले. ठेकेदाराला दीड वर्षाची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. त्या ढिगाऱ्यातल्या सळया चोरणाऱ्याला मात्र त्याच कोर्टाने तीन वर्षं दिली होती.

दुसऱ्या दिवशी मंडळी नेहमीसारखी येऊन बसली.

पंच म्हणाला, "असल्यांना फाशीच द्यायला हवी."

गवंडी म्हणाला, "तीही भर चौकात." आणि पाय पसरून त्याने विचारलं, "बरं, रविवारी गोलला कोण उभा राहतोय?"

इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवली. तांब्या घेऊन तो बाहेर आला. पायांवर उडवायचं पाणी त्याने माझ्यावर ओतलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सगळे दचकून उठले.

"सभा बरखास्त," तो म्हणाला.

"अरे, आत्ता तर आलो!" गवंडी म्हणाला.

इस्त्रीवाल्याने तांब्या खाली ठेवला. मला ओढत आत नेलं आणि ती घड्या घालायला उभी राहायची त्या टेबलाखाली ठेवलं.

तेव्हापासून मी आतच आहे. माझ्यावर आता कपड्यांच्या घड्या असतात. संघाचे सदरेही येतात. गोलकीपरच्या सदऱ्याची घडी तो अजून कडक घालतो, पण पोचवायला जात नाही. ज्याचे त्याने येऊन न्यावेत.

मला रंग नको, मित्रांनो, डागडुजी नको. एवढंच करा. कुठल्याही बाकावर बसून जे खरं बोलाल, ते गरज पडेल तिथे उभं राहूनही बोला. तेवढं जमणार नसेल, तर बसू नका. तुमच्या वजनाने मी मोडत नाही, पण तुमचं बोलणं आता मला पेलत नाही.